विश्लेषण : गाठ सुईने पसरते, की पेशींची पकड सुटल्याने?

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर बहुतेकदा हळू वाढतो. तरीही निदान होईपर्यंत तो अनेकांच्या यकृतात पोहोचलेला असतो. गाठ मूळ जागा सोडते कशी, याचे उत्तर पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांमध्ये आहे.

‘गाठीला सुई लावली की ती खवळते’ ही समजूत बारामती-इंदापूरकडे जुनी आहे, आणि फक्त याच भागात आहे असेही नाही. तुकडा काढून तपासू, असे डॉक्टरांनी सांगितले की घरात दोन मते पडतात. एक जण म्हणतो, उद्याच पुण्याला नेऊ. दुसऱ्याला कुणीतरी पाहुणा आठवतो, ज्याचा तुकडा काढला आणि वर्षाच्या आत तो गेला. मग तपासणी पुढे ढकलली जाते, कधी होतच नाही.

या समजुतीमागचे निरीक्षण खोटे नसते. तपासणीनंतर माणूस खालावलेला लोकांनी पाहिलेला असतो. चुकते ते कारण. गाठ पसरण्याची तयारी पेशींच्या पातळीवर सुई येण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. ही गोष्ट ज्या आजारात फार ठळकपणे दिसते, तो म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले ते मार्च २०१८ मध्ये. १६ मार्चला अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला हा आजार असल्याचे जाहीर केले आणि ‘न्यूरो’ म्हणजे दर वेळी मेंदूच नव्हे, हेही तेव्हाच सांगितले. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याआधी ‘अ‍ॅपल’चे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांच्या स्वादुपिंडात याच कुळातली गाठ सापडली होती, ती २००३ मध्ये. २००९ मध्ये त्यांचे यकृत बदलावे लागले आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी ते गेले. गाठ स्वादुपिंडात, आणि बदलावे लागते यकृत! या आजारात डॉक्टरांना हा प्रवास वारंवार पाहावा लागतो.

हा ट्यूमर नेमका कशाचा?

आपल्या आतड्यांत, जठरात, स्वादुपिंडात आणि फुप्फुसांत काही पेशी विखुरलेल्या असतात, ज्यांचे काम दुहेरी असते. मज्जापेशींसारखे त्या संदेश घेतात आणि ग्रंथींसारखे त्या संप्रेरके सोडतात. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी याच कुळातल्या. आतड्याची हालचाल सांभाळणारे सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीही याच कुळातल्या. या पेशी बेसुमार वाढू लागल्या की जी गाठ होते, ती न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर.

जर्मनीतील म्युनिकचे विकृतिशास्त्रज्ञ झिगफ्रीड ओबरनडॉर्फर यांनी १९०७ मध्ये लहान आतड्यातल्या अशा गाठींना ‘कार्सिनॉइड’ म्हटले. म्हणजे कॅन्सरसारखे दिसणारे, पण कॅन्सर नव्हे. हे नाव पुढे बराच गोंधळ घालून गेले. या गाठी निरुपद्रवी असतात असे डॉक्टरही धरून चालले. प्रत्यक्षात लहान आतड्यातली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची गाठही लसिकाग्रंथींपर्यंत आणि यकृतापर्यंत पोहोचलेली आढळते. आकार लहान म्हणून धोका लहान, हा हिशेब इथे चालत नाही.

हा आजार विरळ आहे, पण पूर्वी वाटत होता तितका नाही. अमेरिकेतल्या नोंदींनुसार १९७३ मध्ये दर लाख लोकांमागे १.०९ नवे रुग्ण सापडत होते. २०१२ मध्ये हे प्रमाण ६.९८ वर गेले. त्यातला बराच भाग चांगल्या स्कॅनिंगचा आणि एंडोस्कोपीचा आहे, म्हणजे आधी न दिसणारे आता दिसू लागले.

बारामतीत कॅन्सर म्हटले की तोंडाचा कॅन्सर आणि तंबाखू डोळ्यांसमोर येतो. शरद पवार यांनी स्वतःच्या आजारपणाविषयी जाहीरपणे बोलल्याने तो धडा घरोघरी पोहोचला आहे. पण तोंडातली जखम आरशात दिसते. आतड्याच्या घडीत बसलेली वाटाण्याएवढी गाठ कुणाला दिसणार?

पेशी पेशीला धरून कशी राहते?

द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. इंदापूर तालुक्यात बोरी परिसरात माल पेटीत भरताना पहिली नजर जाते ती देठाकडे. मणी देठाला घट्ट असतील तर घड हलवला तरी जागचा हलत नाही. मणीगळ लागली की तोच घड हातात घेताच मणी पेटीत सांडतात. मण्याचा रंग तोच, गोडी तीच. बदललेली असते ती फक्त देठाशी असलेली पकड.

शरीरातल्या पेशींचेही असेच आहे. आतड्याच्या किंवा स्वादुपिंडाच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या आकड्यांनी धरून असतात. त्यातला एक महत्त्वाचा आकडा म्हणजे ई-कॅडहेरिन. जपानमधील क्योटोचे मासातोशी ताकेइची यांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत या प्रथिनांचा शोध लावला. पेशींच्या द्रावणातले कॅल्शियम काढून घेतले की पेशी सुट्या होतात आणि परत घातले की जवळ येतात, या साध्या दिसणाऱ्या निरीक्षणातून ते तिथपर्यंत पोहोचले. एका पेशीच्या पृष्ठभागावरचे कॅडहेरिन शेजारणीच्या कॅडहेरिनमध्ये अडकते, चपलेच्या चरचर वाजणाऱ्या पट्टीसारखे. आतल्या बाजूने ते पेशीच्या सांगाड्याला बांधलेले असते, त्यामुळे ओढले तरी उपटत नाही.

दुसऱ्या प्रकारचा सांधा म्हणजे डेस्मोसोम. तो कपड्याच्या टिचबटणासारखा, जागोजागी घट्ट बसणारा. तिसरा गट इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांचा. ही प्रथिने शेजारणीला धरत नाहीत, तर पेशीखालच्या जाळीला धरतात, म्हणजे पेशीची जमिनीवरची पकड. आणि न्यूरोएंडोक्राइन पेशींकडे मज्जापेशींच्या वारशाने आलेले आणखी एक प्रथिन असते, एन-कॅम. रोगनिदान करणारे डॉक्टर तुकड्यावर रंग टाकून ज्या ‘सीडी-५६’चा शोध घेतात, ते हेच.

उंदरांवरच्या प्रयोगांनी काय दाखवले?

पसरलेल्या गाठींमध्ये ई-कॅडहेरिन कमी झालेले असते, हे संशोधकांना आधीपासून दिसत होते. पण तुळई सुटली म्हणून भिंत पडली, की भिंत पडली म्हणून तुळई सुटली? पेशींची पकड सुटणे हे पसरण्याचे कारण आहे की परिणाम, हे नुसत्या काचपट्ट्या पाहून ठरत नव्हते.

हा प्रश्न नेमका न्यूरोएंडोक्राइन गाठीवरच सुटला, ही या विषयातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. अमेरिकेतील डग्लस हानाहान यांनी १९८५ मध्ये अशी उंदरांची जात तयार केली होती, ज्यांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत ठरावीक काळाने गाठी होतात. सुरुवातीला त्या साध्या असतात. पुढे त्यातल्या काही आजूबाजूच्या ऊतींत घुसतात, आणि या वळणावर ई-कॅडहेरिन नाहीसे होते.

गेरहार्ड क्रिस्टोफोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन्ही बाजू तपासल्या. काही उंदरांमध्ये गाठीच्या पेशींना ई-कॅडहेरिन सतत बनवायला भाग पाडले. गाठी झाल्या, पण साध्या टप्प्यावरच अडकल्या. दुसऱ्या गटात ई-कॅडहेरिनचे काम बिघडवणारा तुकडा घातला. तिथे गाठी लवकर घुसखोर झाल्या आणि पसरल्याही. म्हणजे तुळई आधी सुटते. निदान या उंदरांमध्ये तरी पकड सुटणे हे कारण होते.

पुढच्याच वर्षी याच गटाने एन-कॅम नसलेले उंदीर या जातीशी संकरित केले. स्वादुपिंडातली गाठ जवळच्या लसिकाग्रंथींत जाऊ लागली. पण इथे कथा थोडी वाकडी झाली. एन-कॅम गेले म्हणून पेशी शेजारणीपासून सुटली, इतके सरळ ते नव्हते. २००१ च्या अभ्यासात दिसले की एन-कॅम हे नुसते चिकटवणारे प्रथिन नाही, ते निरोप्याचेही काम करते. ते पेशीच्या आत संदेश पाठवते आणि त्या संदेशावर इंटिग्रिनची जमिनीवरची पकड टिकते. निरोप बंद झाला की पेशीचे पाय जमिनीवरून सुटू लागतात. २००४ मध्ये आणखी एक धागा सापडला. एन-कॅम नसलेल्या गाठींभोवती नव्या लसिकावाहिन्या जास्त उगवतात. एकीकडे पकड ढिली, दुसरीकडे दारातच नवा रस्ता.

माणसांच्या स्वादुपिंडातल्या गाठींवरही अभ्यास झाले. ई-कॅडहेरिन पेशीच्या कडेवरून हललेले असेल तर गाठ लसिकाग्रंथींत किंवा यकृतात गेलेली असण्याचा संबंध त्यात आढळला. पण प्रत्येक रुग्णात असे होत नाही. हळू वाढणाऱ्या कितीतरी गाठींत ई-कॅडहेरिन शाबूत असते, आणि तरी त्या पसरतात. उंदीर आणि माणूस यांच्यातले हे अंतर विसरून ‘कॅन्सर पसरण्याचे कारण सापडले’ असे मथळे देणे बरोबर नाही.

खारघरमध्ये काय सापडले?

या विषयावरचे काम महाराष्ट्रातही होते. टाटा मेमोरियल सेंटरची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन संस्था नवी मुंबईत खारघरला आहे. तिथल्या सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये प्लाकोफिलिन-३ या प्रथिनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे प्रथिन डेस्मोसोमचा, म्हणजे मघाच्या टिचबटणाचा एक भाग आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये ते कमी केल्यावर पेशींची एकमेकींवरची पकड कमी झाली, त्या जास्त हलू लागल्या आणि उंदरांमध्ये त्यांनी केलेल्या गाठी पसरल्या.

या पेशी न्यूरोएंडोक्राइन नव्हत्या, हे सांगितले पाहिजे. पण पकड सुटण्याचे यंत्र अनेक कॅन्सरमध्ये एकाच धाटणीचे आहे, हे त्यातून कळते.

अशा कामाचा पाया मुंबईत फार पूर्वी घातला गेला होता. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. देशातली ती अशी पहिलीच मानली जाते. पेशी काचेच्या बशीत जगवता आल्या, म्हणून त्या एकमेकींना कशा धरतात आणि कशा सोडतात, हे पाहता आले.

सुटलेली पेशी एकटीच जाते का?

इथे भिगवणला यावे लागेल. उजनीच्या फुगवट्यावर जलपर्णीचा हिरवा थर मच्छीमारांच्या होड्या अडवतो. ही जलपर्णी पाणलोटात वरून, मुळा-मुठा आणि भीमेतून वाहत येते. ती एकेका रोपाने येत नाही. आडव्या दांड्यांनी एकमेकींना बांधलेल्या रोपांचा पुंजका काठापासून तुटतो आणि पुंजक्यानेच वाहतो. सुटे, मोडके रोप वाटेत मरू शकते. पुंजका मात्र कुठेतरी अडकतो आणि तिथे पसरू लागतो.

रक्तात वाहणाऱ्या कॅन्सरच्या पेशींबद्दल २०१४ मध्ये असेच काहीसे दिसले. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॅनियल हेबर आणि श्यामला महेश्वरन यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. रक्तात एकट्या फिरणाऱ्या पेशींच्या तुलनेत पेशींचे पुंजके अगदी थोडे होते, पण नवी गाठ बसवण्याची त्यांची ताकद २३ ते ५० पट होती. पुंजका बांधून ठेवणारे प्रथिन होते प्लाकोग्लोबिन. तेही पेशींचे सांधे बांधणाऱ्या कुटुंबातलेच. म्हणजे गाठीतून बाहेर पडताना पकड ढिली हवी आणि प्रवासात ती थोडी टिकून राहायला हवी. कॅन्सरच्या पेशी पकड कायमची सोडत नाहीत. त्या ती कमी-जास्त करतात. अनेक कॅन्सरमध्ये नव्या जागी पोहोचल्यावर ई-कॅडहेरिन पुन्हा दिसू लागते ते यामुळेच.

न्यूरोएंडोक्राइन कुळातला सर्वांत आक्रमक सदस्य म्हणजे फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर. तो धूम्रपानाशी घट्ट जोडलेला आहे. त्याच्या पेशी बशीत वाढवल्या तर तळाला चिकटत नाहीत, पुंजके करून तरंगत वाढतात. आणि त्यांच्यावर एन-कॅम भरपूर असते! उंदरांत एन-कॅम गेल्यावर गाठ पसरली होती, मग इथे असूनही का पसरते? याचे एक स्पष्टीकरण साखरेत आहे. या पेशींच्या एन-कॅमवर अनेकदा पॉलिसायलिक आम्ल नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या असतात आणि त्यांच्यामुळे ते नीट चिकटत नाही. चिकटपट्टीवर पीठ सांडावे तसे. पट्टी जागेवर आहे, चिकटपणा गेला आहे. प्रथिन आहे की नाही एवढे पाहून भागत नाही, ते कोणत्या अवस्थेत आहे हेही पाहावे लागते.

यकृतच का?

पचनमार्गातले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आतडी, जठर, स्वादुपिंड यांचे रक्त एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात येते. त्यामुळे आतड्यातून सुटलेल्या पेशीला वाटेत लागणारे पहिले गाळणे यकृत असते.

पण एवढ्यानेच भागत नाही. इंग्लंडमधील सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी पाहून म्हटले होते की बी कुठेही पडले तरी योग्य मातीतच रुजते. शेतकऱ्याला यात नवे काही नाही. यकृतातल्या सूक्ष्म रक्तमार्गांत प्रवाह संथ असतो आणि त्यांच्या भिंतींना छिद्रे असतात. जलपर्णी जोरदार वाहत्या पाण्यात तग धरत नाही, पण सांडपाण्याने खतावलेल्या, थांबलेल्या फुगवट्यात थर धरते. यकृत हे या पेशींसाठी असेच संथ पाणी आहे.

याचा परिणाम लक्षणांवरही होतो. गाठ फक्त आतड्यात असते तोवर तिने सोडलेले सेरोटोनिन यकृतात मोडून टाकले जाते आणि माणसाला फारसे काही जाणवत नाही. गाठ यकृतात बसली की संप्रेरके थेट पुढच्या रक्तात मिसळतात. चेहरा आणि मान अचानक लाल होणे, दिवसातून अनेकदा पातळ शौच, छातीत घरघर, असा त्रास सुरू होतो. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाही जाड होऊ शकतात. डावी बाजू बहुतेकदा वाचते, कारण फुप्फुसे ही द्रव्ये मोडून टाकतात. म्हणजे आतड्यातल्या गाठीबाबत ज्या लक्षणांनी माणूस डॉक्टरकडे जातो, ती बहुधा पकड सुटून बराच काळ लोटल्यावरची असतात.

मग सुईचे काय?

सुईच्या वाटेवर पेशी सांडून तिथे नवी गाठ होणे शक्य असते, पण ते फार विरळ आहे. गाठीतून पेशी रक्तात जाण्यासाठी त्यांना सुईची वाट पाहावी लागत नाही. पकड सुटलेल्या गाठीतून त्या रोज बाहेर पडू शकतात. त्यातल्या बहुतेक वाटेतच मरतात.

शस्त्रक्रियेच्या वेळी पेशी सांडण्याचा प्रश्न मात्र संशोधकांनी गंभीरपणे घेतला आहे, आणि त्यावरचे एक मोठे काम मुंबईचेच आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये स्तनाच्या कॅन्सरवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निष्कर्षांसाठी १,५८३ महिलांची माहिती धरली होती. शस्त्रक्रियेच्या थोडे आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात ते भुलीचे औषध, टोचले. पाच वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. इथे गाठीभोवती सुई टोचली होती आणि रुग्णांना फायदा झाला. ही चाचणी न्यूरोएंडोक्राइन गाठींची नव्हती, त्यामुळे तो आकडा इथे लावता येत नाही.

सुईचा एक खरा धोका मात्र या आजारात आहे, आणि तो पसरण्याचा नाही. संप्रेरक सोडणारी गाठ दाबली किंवा टोचली गेली, किंवा भूल दिली, तर संप्रेरकांचा लोंढा एकदम रक्तात येऊन रक्तदाब बिघडू शकतो. त्यासाठी डॉक्टर आधीच ऑक्ट्रिओटाइड देण्याची तयारी ठेवतात. म्हणून चेहरा लाल होणे, जुनाट जुलाब ही लक्षणे बायोप्सीआधी, दात काढण्याआधी, कोणत्याही ऑपरेशनआधी सांगणे गरजेचे असते.

बायोप्सीशिवाय कळत नाही अशी गोष्ट म्हणजे गाठीचा वेग. तुकड्यावर ‘केआय-६७’ ही तपासणी करून किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत ते मोजतात. ३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पहिली श्रेणी, ३ ते २० टक्के दुसरी, त्यावर तिसरी. पहिल्या श्रेणीचा रुग्ण पसरलेल्या गाठीसह अनेक वर्षे शेती सांभाळू शकतो. स्मॉल सेलसारख्या आक्रमक प्रकारात लगेच केमोथेरपी लागते. सुई टाळली तर हे दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

बारामती-इंदापूरच्या रुग्णाने कशाकडे पाहावे?

हा आजार पित्त, आयबीएस, दमा किंवा बायकांमध्ये पाळी जातानाचा त्रास समजून वर्षानुवर्षे चुकीच्या गोळ्यांवर काढला जातो. अर्थात चेहरा लाल होणाऱ्या किंवा जुलाब होणाऱ्या बहुतेकांना हा ट्यूमर नसतो. पण महिनोन्‌महिने जुलाब, घामाशिवाय चेहरा लाल होणे, उपाशीपोटी वारंवार साखर उतरून चक्कर येणे, उपचारांना दाद न देणारे जठरातले व्रण यांपैकी काही असेल, तर फिजिशियनकडे या नावाचा उल्लेख करायला हरकत नाही. बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी आणि सोनोग्राफी यासाठी लगेच पुणे गाठण्याची गरज नसते.

दोन तपासण्यांत स्थानिक घोळ होऊ शकतो. रक्तातल्या क्रोमोग्रॅनिन-एची पातळी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनीही वाढते. या गोळ्या चहासारख्या रोज घेणारे कमी नाहीत, म्हणून ही तपासणी करण्याआधी गोळीचे नाव डॉक्टरांना सांगावे आणि ती कधी बंद करायची ते त्यांनाच विचारावे. दुसरी तपासणी २४ तासांच्या लघवीतील ‘५-एचआयएए’ची. तिच्याआधी काही दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद ठेवायला सांगतात, नाहीतर आकडा उगाच चढतो. इंदापूरच्या केळीच्या पट्ट्यात हे पथ्य सांगूनही पाळले जाईल का, हा प्रश्नच आहे.

पसरल्यावर उपाय असतो का?

सुटलेल्या पेशींना पुन्हा गोंद लावणारे औषध अजून नाही. इंटिग्रिनला अडवणारे सिलेंजिटाइड मेंदूच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचणीत अपयशी ठरले. पेशी आपली पकड बदलत राहतात, त्यामुळे एकच आकडा अडवून किंवा परत लावून भागेल याची खात्री नसते. पसरलेल्या पेशींनी नव्या जागी कॅडहेरिन परत वापरायला घेतले असेल, तर बाहेरून गोंद दिल्याने त्यांचेच बस्तान बसायचे.

उपाय दुसऱ्या बाजूने आला. पकड बदलली तरी हळू वाढणाऱ्या बहुतेक न्यूरोएंडोक्राइन पेशी आपली एक खूण सोडत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिनला ओळखणारे ग्राहक असतात, यकृतात गेल्यावरही. ऑक्ट्रिओटाइड आणि लॅनरिओटाइडची इंजेक्शने याच खुणेवर बसून संप्रेरके आणि वाढ आवरतात. याच खुणेला चिकटणाऱ्या रेणूवर गॅलियम-६८ लावले की पेट स्कॅनमध्ये सुटलेल्या पेशींची वस्ती उजळून दिसते. हा स्कॅन पुण्यात आणि मुंबईत होतो. आणि गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ लावले की तेच औषध वस्तीत जाऊन जवळून किरणोत्सर्ग देते. लहान आतड्याच्या पसरलेल्या गाठींमध्ये या उपचाराने आजार बराच जास्त काळ आटोक्यात राहिला, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

हे ल्युटेशियम परदेशातूनच आणावे लागते असे नाही. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत ते तयार केले जाते. परळला टाटा मेमोरियलच्या आवारात भाभा केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, तिथे हे उपचार होतात. खर्चाबाबत महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे, कारण कॅन्सरचे सगळेच उपचार यादीत असतात असे नाही. जाताना तुकड्याचा मेणात जपलेला ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात. नुसता कागदी रिपोर्ट असला तर मोठ्या रुग्णालयात पुन्हा तुकडा काढण्याची वेळ येऊ शकते.

ल्युटेशियम-१७७ ची ताकद साधारण साडेसहा दिवसांत निम्मी होते. त्यामुळे मात्रा साठवून ठेवता येत नाही. ती ठरलेल्या रुग्णासाठी ठरलेल्या दिवशी मागवली जाते आणि तारीख चुकवली तर वाया जाते. सहसा अशा चार मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने देतात. मात्रा घेतल्यावर शरीरातून, मुख्यतः लघवीवाटे, काही दिवस किरणोत्सर्ग बाहेर पडतो. म्हणून घरी परतलेल्या रुग्णाला भरपूर पाणी प्यायला, शौचालयात दोनदा पाणी टाकायला, वेगळे झोपायला आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस लहान मुले व गर्भवतींपासून अंतर राखायला सांगतात. परळहून इंदापूरला भरलेल्या एसटीने यायचे की गाडी करायची, हेही डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवावे लागते.